मामांच्या कॅरिअरवरची शिडी

बुलढाणा जिल्ह्यात पाहण्यासारखं काय आहे, हे ज्याला आमच्या हिच्या मामांनी दाखवलं नाही त्याने जिल्हा पाहिलेला नाही, आणि ज्याला दाखवलं त्याची कंबर अजून दुखते आहे. मी दुसऱ्या गटातला. मी मूळचा मेहकरचा, नोकरीला बुलढाण्यात, हातात बरा कॅमेरा आणि रविवारी मोकळा. एवढ्या अपराधांवरून मामांनी मला धरलं. लग्नात जे मामेसासरे माझ्याशी दोन वाक्यंही बोलले नव्हते, ते निवृत्त झाल्यावर दर रविवारी सकाळी सहाला दारात उभे राहू लागले. हॉर्न वाजवायचे नाहीत. नुसते फाटकाशी उभे राहून घड्याळ पाहायचे. त्याचाच ताण जास्त यायचा.

मामा एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं जिल्ह्यातले सगळे रस्ते त्यांनी तुडवले, पण या तीस वर्षांत त्यांना मनासारखं कुठे थांबता आलं नाही. एसटी थांबते ती थांब्यावर, आणि थांबा असतो तो पानटपरीजवळ किंवा उकिरड्याशेजारी. जिथे डोंगर उघडतो, खाली नदी वळसा घेते, पाण्यावर ऊन पडतं, तिथे कुठलीच बस थांबत नाही. मामांनी अशा जागा मनात जपून ठेवल्या होत्या. एकूण सतरा. निवृत्तीच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी एक जुनी, पांढरी, बुटकी मोटार घेतली आणि सतराही जागा एका वहीत उतरवल्या. गावाच्या नावाने नव्हे, रस्त्याच्या दगडांच्या हिशोबाने: अमुक दगड सोडला की पुलाच्या अलीकडे, डाव्या हाताला. प्रसिद्ध जागांवर त्यांचा राग होता. लोणारचं सरोवर बघायला लोक कुठून कुठून येतात, आपण निदान एकदा जाऊ या, असं मी म्हटलं तर म्हणाले, "तिथी पाटी लागेल हाये जावई. जे पाटी लावून दाखवतात ते पाहाले मी कायले पायजे?"

त्यांच्या गाडीतून सहलीला जाणं म्हणजे तिकीट न काढता एसटीत बसणं. निघण्याआधी ते चारही चाकांना लाथ मारून हवा पाहत. मग मागे वळून पासिंजर मोजत. गाडीत मी एकटा असलो तरी मोजत. वाटेत चहा हवा असेल तर जिथे एसटी चहाला थांबते तिथेच मिळे. त्याआधी कितीही चांगलं हॉटेल दिसो, मामांच्या लेखी ते अस्तित्वातच नसे. ठरलेल्या जागी पोचलं की हँडब्रेक ओढून खणखणीत आवाजात घोषणा होई, "दहा मिनिटं." अकराव्या मिनिटाला गाडी सुरू. एकदा माझी ही आणि मी एका ओढ्याकाठी फोटो काढत राहिलो, तर मामा खरोखर निघून गेले. पुढच्या गावाच्या फाट्यावर भेटले. रागावलेले नव्हते. नुसतं म्हणाले, "टाइम म्हंजे टाइम."

फोटोबद्दलही त्यांची मतं पक्की होती. देखावा पाहायचा तो काचेतून. तीस वर्षं त्यांनी जग समोरच्या काचेच्या चौकटीत पाहिलेलं, त्यामुळे मोकळ्यावर उभं राहून त्यांना काही नीट दिसतच नसे. ते गाडीत बसून राहत, काच आतून-बाहेरून फडक्याने पुसत आणि मला आत बोलावून म्हणत, "आता काढा." मी शेवटी हट्टाने त्यांना लोणारला नेलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर एक फोटो काढला. त्यात वायपर आहे, काचेवर लटकवलेलं लिंबू-मिरची आहे, बॉनेट आहे, आणि त्या सगळ्यांच्या फटीतून बोटभर हिरवं पाणी आहे. हा फोटो त्यांनी सगळ्या नातेवाइकांना पाठवला. पन्नास हजार वर्षांचं की किती जुनं ते विवर, त्याची अशी अवस्था कुणी केली नसेल. माझे स्वतःचे चांगले चाळीस फोटो कुणी मागितले नाहीत, याचा मला अजून राग आहे.

आता शिडीचं सांगतो. वहीतली पहिली जागा सोनाळ्याच्या अलीकडे होती. जळगाव जामोदकडून सातपुड्याच्या पायथ्यापायथ्याने रस्ता जातो, तिथे एका ठिकाणी म्हणे डोंगराच्या पाचही रांगा एकामागे एक दिसतात, पुढची हिरवी आणि मागची निळी होत जाते. मामांनी तीन तास या पाच रांगांचं वर्णन केलं. दगड आला, पूल आला, गाडी डाव्या हाताला लागली, "दहा मिनिटं" झालं. मी कॅमेरा घेऊन उतरलो. समोर मका होता. पुरुषभर उंचीचा, दाट, हिरवागार मका. मी डावीकडे गेलो, उजवीकडे गेलो, टाचा उंचावल्या. मका. मामा गाडीतून उतरले, मक्याकडे पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, "अथीच होते." जणू डोंगर कुणी उचलून नेले होते. मला हसू येत होतं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून हसताही येईना. मग ते एकदम मोटारीच्या बंपरवर चढले, तिथून बॉनेटवर, तिथून टपावर. साठीचा माणूस, पायात चपला. टपावर उभे राहून त्यांनी कपाळावर हात धरला आणि म्हणाले, "हायेत ना. पाचही हायेत."

घोळ काय झाला तो तेव्हा आम्हा दोघांच्याही डोक्यात शिरला. मामांनी तीस वर्षं जिल्हा पाहिला तो एसटीच्या ड्रायव्हरच्या सीटवरून. तिथून मक्यावरून दिसतं, बाभळीवरून दिसतं, घाटाच्या कठड्यावरून दिसतं. त्यांच्या सतरापैकी बहुतेक जागा जमिनीवर नव्हत्याच. जमिनीपासून सातआठ फूट वर, हवेत होत्या. दुसरा कुणी असता तर वही फाडून मोकळा झाला असता. मामांनी पुढच्या रविवारी मोटारीला कॅरिअर बसवला आणि त्यावर रंगाऱ्याकडची, कैचीसारखी उघडणारी लाकडी शिडी बांधून आणली. चौथ्या पायरीवर माणूस उभा राहिला की डोळे बरोबर एसटीच्या सीटइतके वर जातात, हे त्यांनी डेपोत जाऊन उभ्या गाडीशी मोजून आणलं होतं.

त्या शिडीने आम्हाला जिल्हाभर नाव मिळवून दिलं. भर रस्त्याच्या कडेला शिडी उभी, तिच्यावर इस्त्रीचा शर्ट घातलेला जावई, खाली शिडी धरून मामा. येणारा-जाणारा थांबायचा. कुणाला वाटे विजेच्या तारा बघायला आलेत, कुणाला वाटे मधाचं पोळं उतरवताहेत. पण बहुतेकांना एकच भीती असे. मोताळ्याच्या बाजूला एक शेतकरी, पांढरी दाढी, डोक्याला टोपी, वावरातून धावतच आले आणि रस्ता रुंद होतोय का, मोजणीवाले आहात का, हे विचारू लागले. मामांनी त्यांना काही न सांगता शिडीवर चढवलं. चाचा वर गेले, चौफेर पाहिलं आणि बराच वेळ उतरेचनात. उतरल्यावर म्हणाले, "इतकी उमर गेली, आपलं वावर वरून असं दिसते हे मालूमच नव्हतं." मग त्यांनी आम्हाला धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसवून चहा पाजला आणि घरच्या दोघातिघांना हाक मारून आळीपाळीने वर चढवलं. त्या दिवशी मामांनी दहाची चाळीस मिनिटं होऊ दिली. एरवी मी एवढी मुभा कधी पाहिली नाही.

वर्षा-दीड वर्षात सोळा जागा झाल्या. सतरावी राहिली होती, आणि ती मला किंवा हिला दाखवायची नव्हतीच. ती मामींना दाखवायची होती.

मामींना गाडी लागते. साधीसुधी नाही; बुलढाण्याच्या स्टँडवर डिझेलचा वास आला की त्यांचा चेहरा उतरतो. एसटीत बसल्या की हातात लिंबू, डोक्यावरून तोंडावर ओढलेला पदर आणि डोळे गच्च मिटलेले, ते थेट मुक्कामाला उघडायचे. त्यांचं माहेर राजूरच्या घाटाखाली. म्हणजे लग्न झाल्यापासून शेकडो वेळा त्या हा घाट उतरल्या आणि चढल्या असतील, कित्येकदा खुद्द मामांच्याच गाडीत, पण घाट त्यांनी एकदाही पाहिलेला नाही. आणि मामांचं म्हणणं असं, की या घाटात एका वळणावरून मामींचं माहेर दिसतं. तळं दिसतं, तळ्याच्या पाळीवरचा दर्गा दिसतो. यावर त्या दोघांचं तीस वर्षांचं भांडण. मामी म्हणायच्या, एवढ्या दूरचं गाव कुठी दिसत असते काय, तुमच्या आपल्या बाता. मामा म्हणायचे, एकदा डोळे उघडून पाह्य. मामी म्हणायच्या, डोळे उघडले तर मंग काय होते ते तुम्हीच धुवाल.

हे भांडण असंच गोडीगुलाबीने आणखी वीस वर्षं चाललं असतं. पण त्यांच्या पुण्याच्या मुलाने नवा फ्लॅट घेतला, नववा मजला, आणि दिवाळीनंतर दोघांनी कायमचं तिकडेच यायचं असं ठरवून टाकलं. मामींचे गुडघे पार गेलेले, उपचार तिथेच व्हायचे होते, त्यामुळे नाही म्हणायला जागा नव्हती. बुलढाण्याचं घर बंद होणार होतं. मामांनी घर बंद होण्याबद्दल, सामानाबद्दल, कशाबद्दलच चकार शब्द काढला नाही. एकदा मात्र आमच्या ओट्यावर बसून, वही मांडीवर ठेवून मला म्हणाले, "जावई, ते एक वळण तेवढं तिले दाखवा लागते. मंग कुठीबी न्या."

आधी सोपा उपाय केला. मी त्या वळणावर शिडी लावली, चढलो आणि मोठी लेन्स लावून फोटो काढून आणला. मामी चष्मा लावून बराच वेळ फोटो पाहत बसल्या. मग म्हणाल्या, फोटो छान आहे, पण तळं कोणतंही असू शकते, आणि आजकाल फोटोत काय काय करतात ते टीव्हीवर दाखवतात. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मेहनतीचा फोटो त्यांनी उलटा करून डब्याखाली ठेवला. मग मामांनी त्यांना मोटारीतून, गाडी अगदी बैलगाडीच्या वेगाने चालवत, त्या वळणावर नेलं. खालून दिसला कठडा आणि कठड्यावर माजलेली घाणेरी. शिडी लावली. मामींनी एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला, दुसरा उचलायला गेल्या आणि तिथेच थांबल्या. गुडघा वळेना. मामा खालून म्हणत होते, अजून तीनच पायऱ्या आहेत, मी धरून राह्यलो. मामींनी पाय खाली घेतला आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आता. तुमच्या डोळ्यानं पाह्यलं म्हंजे मीच पाह्यलं." आणि गाडीत जाऊन बसल्या. मामांनी शिडी मिटली आणि कॅरिअरवर बांधायला घेतली. नेहमी दोन मिनिटांत बसणारी गाठ त्या दिवशी त्यांना तीनदा सोडावी लागली.

उपाय समोरच उभा होता आणि तो आम्हाला दोघांनाही सुचला नव्हता. सुचला तो माझ्या हिला. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, मग मामीला एसटीनेच न्या की. मी मामांना जाऊन सांगितलं तर त्यांचा चेहराच पडला. तेव्हा मला कळलं की निवृत्त झाल्यापासून मामा एसटीत बसलेच नव्हते. लग्नकार्याला, मयतीला, सगळीकडे स्वतःची मोटार. दुसरा माणूस गाडी चालवतोय आणि आपण मागे नुसते बसलोय, हे त्यांना सोसवणारच नव्हतं. दोन दिवस त्यांनी माझ्याशी बोलणं टाळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला फाटकाशी उभे. या खेपेला मोटार नव्हती. हातात पिशवी होती आणि मागे, लिंबू घेऊन, मामी.

दसऱ्याच्या आधीचे दिवस होते, आभाळ धुतल्यासारखं. मलकापूरची गाडी लागली. मामांनी नकळत पुढे जाऊन चाकाला लाथ मारली, मग भानावर येऊन बाजूला झाले. मामींना दरीच्या बाजूची पहिली खिडकी दिली, आपण शेजारी बसले, मी त्यांच्या मागे कॅमेरा सरसावून. ड्रायव्हर तिशीचा होता, मामांना ओळखत नव्हता, आणि मामांनीही ओळख दिली नाही. मी म्हटलं, सांगू का त्याला, त्या वळणावर जरा हळू घे म्हणून? मामांनी हातानेच मला मागे बसवलं. पन्नास पासिंजर खोळंबवून एका बाईला देखावा दाखवायचा, हे त्यांच्या तत्त्वात बसणार नव्हतं, मग ती बाई त्यांची स्वतःची का असेना.

घाट लागला. मामींचे डोळे मिटलेले, पदर तोंडावर. मामांचा उजवा पाय समोर नसलेला ब्रेक दाबत होता. प्रत्येक वळणावर दाबत होता आणि सोडत होता. मला वाटलं होतं, वळण आलं की ते मामींना हलवतील, आता पाह्य म्हणतील. पण ते काहीच बोलेनात. वळण जवळ आलं आणि मीच मागून काहीतरी म्हणणार, तेवढ्यात ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. एक लांब, एक आखूड. समोर रस्ता मोकळा होता, चिटपाखरू नव्हतं.

मामींनी डोळे उघडले.

कठडा खाली गेला, घाणेरी खाली गेली आणि सगळा मुलूख एकदम मोकळा झाला. कापसाची शेतं, मधून रस्त्याची रेघ, पार शेवटी सातपुडा, आणि अलीकडे डाव्या अंगाला ताटलीएवढं चमकणारं तळं. तळ्याच्या काठावर एक पांढरा ठिपका. जेमतेम पाचसहा श्वासांचा देखावा. मग गाडी वळली आणि डोंगर आडवा आला. मी फोटो काढायचा विसरलो असं नाही. काढला, पण त्यात दरी नाहीच. त्यात मामींचा खांद्यावर घसरलेला पदर आहे आणि खिडकीच्या गजाला धरलेला हात आहे, हातात लिंबू.

मामा समोर पाहत राहिले. घाट संपत आला तेव्हा मामी म्हणाल्या, "दर्ग्याले औंदा चुना लावेल दिसते."

मामांनी नुसती मान हलवली. तीस वर्षांचं भांडण जिंकलेला माणूस इतका गरीब चेहरा करून बसलेला मी दुसरा पाहिला नाही. मग मामींनीच विचारलं, की हे दोन हॉर्न कायचे. तुमच्या गाडीत डोळे मिटून जाताना दरवेळी ऐकते, एक लांब, एक आखूड. ते ऐकले की समजाचं, अर्धा घाट झाला, आता नाही मरत आपण. म्हणूनच तर डोळे उघडले, आज तुम्ही तर बाजूले बसले, मंग इतका शहाणा हॉर्न तुमच्याशिवाय कोण वाजवते म्हणून. मामा खिडकीकडे तोंड करून पुटपुटले, "सासुरवाड दिसे तिथून. जावयानं रामराम नाही घालाचा काय?"

मलकापूरला उतरल्यावर मला राहवलं नाही. मामा-मामी पुढे गेलेले पाहून मी ड्रायव्हरपाशी गेलो आणि विचारलं, रस्ता मोकळा असताना त्या वळणावर दोनदा हॉर्न का दिला? तो म्हणाला, "जुनी पद्धत हाये साहेब. मले ज्यानं रस्ता दाखवला तो द्यायचा म्हून मीबी देतो. काऊन ते त्यालेबी मालूम नव्हतं." मी मामांकडे बोट दाखवणार होतो. दाखवलं नाही. का नाही, ते मलाही सांगता येत नाही. मामा रसवंतीच्या सावलीत मामींच्या हाताला धरून उभे होते आणि मामी त्यांच्यावर रागावत होत्या: आज डोळे उघडे होते तर गाडी लागलीच नाही, मंग इतके वर्षं मले जबरदस्ती काऊन नाही केली?

आता ते पुण्याला आहेत. मोटार विकली, शिडी आमच्याकडे आहे, हिने तिच्या पायऱ्यांवर कुंड्या मांडल्यात. मामा अधूनमधून फोन करतात. नवव्या मजल्यावरून लय दूरचं दिसते म्हणाले, पण एकबी वळण नाही, दिवसभर तेच ते दिसून राह्यलं. मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन बरं झालंय. परवा आम्ही दोघं मलकापूरला निघालो, आपल्याच गाडीने. घाटात ते वळण आलं. गाडीतून दिसला तो कठडा आणि घाणेरी, दुसरं काही नाही. मी दोनदा हॉर्न दिला, एक लांब, एक आखूड. शेजारी ही मोबाइल पाहत होती. तिने वर पाहिलं, समोरचा मोकळा रस्ता पाहिला आणि तळं ज्या बाजूला आहे तिकडे हात जोडले.